फारसीच्या वर्गातला पाचवा मुलगा

आमच्या अप्पांनी आयुष्यात कधी शब्द मोडला नाही, असं पेठेतली जुनी माणसं अजून सांगतात. माझ्यासमोर सांगतात आणि मी मान डोलावतो. खोटं नाहीच ते. सुताच्या व्यापारात तेव्हा कागद कमी आणि तोंडचा शब्द जास्त चाले. अप्पांनी गादीवर बसून 'दिलं' म्हटलं की समोरचा माणूस निर्धास्त होऊन उठे. मग दुसऱ्या दिवशी बाजार चढो नाहीतर पडो, अप्पा बोलल्या शब्दाला जागत. त्या कीर्तीवर आमचं दुकान उभं होतं, माझ्या दोन्ही बहिणींना चांगली स्थळं मिळाली ती त्या कीर्तीवरच, आणि माझं कॉलेज गेलं तेही तिच्याच पायी. ही हकिकत मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही. बायकोला एकदा अर्धी सांगितली होती. तिनं भाजी निवडत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढं काय घेऊन बसलाय? काय वाईट झालं तुमचं?" त्यानंतर उरलेली अर्धी माझ्यापाशीच राहिली.

आमचं घर कन्नडमध्ये उठायचं आणि मराठीत दुकानाला जायचं. आम्ही लिंगायत वाणी. अव्वा, म्हणजे माझी आई, अक्कलकोटकडची. देवाशी आणि म्हशीशी ती कन्नडच बोले, आमच्याशी मात्र दोन्हींची भेसळ. परड्याच्या भिंतीपलीकडे तेलुगू विणकरांची आळी होती. पहाटेचा गिरणीचा भोंगा झाला की तिथले माग सुरू होत आणि दिवसभर तो खटखटाट आमच्या घरात इतका भरून राही की सणाच्या दिवशी माग थांबले म्हणजे चुकल्याचुकल्यासारखं वाटे. त्या आळीतल्या पोरांबरोबर गोट्या खेळताना मी तेलुगूत भांडायला शिकलो, आणि दुकानावर ओझी आणणाऱ्या हमालांकडून दखनी उर्दू उचलली. दहा वर्षांचा होईपर्यंत चार भाषांत शिव्या येत होत्या. भाषा ही वर्गात बसून शिकायची वस्तू आहे हे मला शाळेतच कळलं.

अव्वाचा दिवस चुलीपुढे जाई. ज्वारीच्या भाकरी थापताना तिच्या बांगड्यांचा आणि काटवटीचा मिळून एक आवाज होई, आणि त्यावरून ती खुशीत आहे की रागात हे आम्हाला माजघरात बसून कळे. शेंगाची चटणी ती उखळात कुटे, तेल सुटून गोळा होईपर्यंत. अप्पांना जेवताना बोललेलं खपत नसे. जेवण झाल्यावर मात्र ते पान लावत आणि तेवढा वेळ त्यांच्याशी काहीही बोलायची आम्हाला मुभा असे. माझ्या आयुष्यातले बहुतेक निकाल त्या पान लावायच्या वेळात लागले आहेत.

घरात एका माणसाचं नाव काढायची बंदी होती. अप्पांचा धाकटा भाऊ, माझा काका. तो पुण्याला शिकायला गेला, तिथून मुंबईला सरकारी कचेरीत चिकटला आणि तिकडचाच झाला. आजी वारली तेव्हा तिच्या तिसऱ्याला आला तो पाहुण्यासारखा, दारात जोडा काढून कुठं बसू म्हणून विचारत. अप्पांनी त्याला बसायला पाट दिला आणि त्यानंतर त्याच्याशी कधी बोलले नाहीत. मी तेव्हा लहान होतो. मला एवढंच आठवतं की काकानं भाकरी खाताना चमचा मागितला होता.

मी इंग्रजी तिसरीत पहिला आलो त्या उन्हाळ्यात आमच्या मठाचे स्वामी घरी आले. पाद्यपूजा झाली, अव्वानं पुरणाच्या होळगी केल्या, भरली वांगी केली, गल्ली लोटली. स्वामींनी मला जवळ बोलावून इंग्रजी वाचायला लावलं. मी एका श्वासात अख्खा धडा म्हणून दाखवला. त्यांना त्यातलं किती कळलं देव जाणे, पण त्यांचा चेहरा फुलला. ते अप्पांना म्हणाले, "पुण्याला आपल्या पोरांसाठी बोर्डिंग निघालंय. राहणं-जेवण फुकट. शेजारच्याच कॉलेजात घालतात. मॅट्रिक झाला की ह्याला तितं पाठवायचा." सगळी गल्ली अप्पांच्या तोंडाकडे बघत होती. अप्पांनी हात जोडले आणि म्हणाले, "पाठवतो की. मी आडवा येणार न्हाई. दिला शब्द." स्वामींनी माझ्या कपाळाला विभूती लावली. त्या दिवसापासून मी मनानं पुण्यालाच राहू लागलो.

त्या काळी इंग्रजी चौथीत गेलं की दुसरी भाषा निवडावी लागे. जी निवडाल तीच मॅट्रिकला आणि तीच पुढं कॉलेजात. आमच्या शाळेत दोनच होत्या, संस्कृत आणि फारसी. शहाणीसुरती मुलं संस्कृत घेत आणि मलाही तेच घ्यायचं होतं. संस्कृतच्या शास्त्रीबुवांना विचारायला गेलो तर ते व्हरांड्यात तपकीर ओढत उभे होते. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "वाण्याच्या पोराला संस्कृत कशाला रे? तागडी धरून श्लोक म्हणणार का?" आजूबाजूची मुलं हसली. मी घरी येऊन रडलो, तेही अप्पांच्या पान लावायच्या वेळेस. पान लावता लावता अप्पांचा हात थांबला. माझा अपमान त्यांना लागला असं मला वाटलं. लागलाही असेल. एका माणसाला एकाच वेळी दोन गोष्टी वाटू शकतात, हे मला फार उशिरा समजलं.

त्यानंतर आठवड्याभरात फारसीचे मुनशीजी दुकानावर आले. उंच, वाकलेले, कोपरांवर विटलेली काळी शेरवानी. त्यांच्या वर्गात चार मुलं झाली होती आणि पाच झाल्याशिवाय वर्ग चालवायचा नाही, असं हेडमास्तरांनी त्यांना बजावलं होतं. वर्ग गेला असता तर त्यांची नोकरीही गेली असती. ते घरोघर पाचवा मुलगा शोधत हिंडत होते. त्यांनी अप्पांजवळ बसून बराच वेळ हळू आवाजात काही सांगितलं. मी सुताच्या गठ्ठ्यांवर बसून पाय हलवत होतो. अप्पांनी त्यांना स्वतः लावून विडा दिला आणि मला हाक मारली. घरात मला बसू म्हणत.

"बसू, फारसी घे."

"अप्पा, पण कॉलेजात..."

"त्या बामनापुढं मान खाली घालून बसायची काय गरज? मुनशीजी मानानं शिकवतील. मार्क बी लई पडतात म्हणं. काय मुनशीजी?"

मुनशीजी खाली बघून "हौ, हौ" म्हणाले.

त्या क्षणी अप्पा मला केवढे मोठे वाटले! सोलापुरातला कुठला लिंगायत बाप आपल्या मुलाला आपणहून फारसी घे म्हणेल? मी शाळेत मान ताठ करून नाव दिलं. शास्त्रीबुवांच्या खोलीवरून जाताना मुद्दाम चपला आपटल्या. गल्लीत अप्पांचं कौतुक झालं ते वेगळंच. अव्वाची एक मैत्रीण म्हणाली की पोरगा आता मशिदीत जाईल, तर अव्वानं तिला तिथल्या तिथं सुनावलं, "भाषा शिकतोय की, कुटं सुंता करून घेतोय?"

माझी नात परवा शाळेचा फॉर्म घेऊन आली. "अज्जा, फ्रेंच घेऊ का जर्मन? कशात मार्क जास्त पडतात? पुढं ॲडमिशनला कशाचा उपयोग होतो?" तिच्या हातात छापील माहितीपत्रक होतं, कुठल्या कॉलेजात काय चालतं ते ओळीनं लिहिलेलं. मी चष्मा लावून ते सगळं पत्रक तिला दोनदा वाचून दाखवलं. ती कंटाळून म्हणाली, "अज्जा, मला वाचता येतं की." मी म्हटलं, येत असेल, तरी ऐक.

त्या चार वर्षांबद्दल मात्र मला वाईट बोलता येणार नाही. शाळेच्या मागच्या बाजूला, लिंबाखालच्या खोलीत आम्ही पाच जण मुनशीजींच्या भोवती बसत असू. उजवीकडून डावीकडे लिहिताना पहिले सहा महिने सगळी बाही शाईनं भरे. मुनशीजी कधी ओरडत नसत. चुकलं तर डोळे मिटून घेत, आणि ते डोळे उघडतील तेव्हा आपलं बरोबर आलेलं असावं असं वाटे. त्यांच्या घरून कधी कधी शिरखुर्मा येई आणि ते माझ्यापुढं वाटी ठेवून म्हणत, "दूध और शेवया है बस. अम्मा को पूछके खाना." मी घरी कधी विचारलं नाही. फारसी मला आवडायला लागली. परकी भाषा खरी, पण आमच्या बाजारातले, कचेरीतले, कोर्टातले अर्धे शब्द तिच्या घरचे होते. ओळखीच्या माणसाचं मूळ गाव सापडावं तसं होई. हैदराबादकडच्या व्यापाऱ्यांची उर्दू पत्रं दुकानात येत, ती वाचायला अप्पांना पूर्वी दुसऱ्याच्या पाया पडावं लागे. लिपी तीच असल्यामुळं इंग्रजी सहावीपासून ती मी वाचू लागलो. अप्पा गिऱ्हाइकांसमोर म्हणत, "आमचा बसू वाचतोय की." मी फुगत असे. तेव्हापासून आठवड्यातून दोन दिवस मी गादीवर बसू लागलो, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

मॅट्रिकचा निकाल लागला. फारसीत मी शाळेत पहिला होतो. बोर्डिंगच्या चिटणिसांचं पत्र आलं की कॉलेजनं प्रवेश दिल्यास मुलासाठी जागा ठेवली आहे. अप्पांनी पत्र घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, "जा की." प्रवेश त्या काळी तिथं जाऊनच घेत. कॉलेजचे कागद अप्पांच्याच पत्त्यावर दुकानात येत आणि त्यांच्या कपाटात जात. ते इंग्रजीत असत आणि अप्पांना इंग्रजी येत नसे, तरी ते मला वाचायला मिळाले नाहीत हे मला खटकलं नाही. बापाच्या कपाटात कोण हात घालतो? अव्वा तर तयारीला लागली. पंधरा दिवस ती कडक भाकऱ्या करत होती, कागदासारख्या पातळ, महिनाभर टिकतील अशा. चटणीचे डबे भरले. जुनी इरकली पातळं जोडून वाकळ शिवली. तगाऱ्यात कपडे उकळले. काम करताना ती गात होती. आपली आई आपल्याला एवढ्या आनंदानं लांब धाडते आहे याचा मला अभिमान वाटला, आणि खरं सांगायचं तर थोडासा रागही आला. एकदा तरी डोळ्याला पदर लावावा की!

निघायच्या चार दिवस आधी मी पेढे घेऊन मुनशीजींच्या घरी गेलो. ते बाजेवर बसून मुलांच्या वह्या तपासत होते. मी वाकलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

"अब कहां जाते? बंबई?"

मी पुण्याच्या कॉलेजचं नाव सांगितलं. त्यांचा हात माझ्या डोक्यावर होता, तो तसाच राहिला. मग त्यांनी तो काढून आपल्या मांडीवर ठेवला.

"सेटजी बोले नै तुमकू?"

"काय?"

"वां फारसी नै है, बेटा. फारसीवाले को वो लोगां लेते नै. मैं तो चार बरस पैले बोल्या था सेटजी को. पैलेच दिन, दुकान में."

मी पेढ्यांचा पुडा हातात धरून उभा होतो. काही तरी गैरसमज आहे, असं मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. अप्पांनी ऐकून घेतलं होतं आणि म्हणाले होते, मुलाला हे सांगू नका, पुढचं मी बघतो. मुनशीजींना वाटलं, मोठा व्यापारी आहे, मुंबईला पाठवणार असेल. पहिल्या वर्षी तसं वाटलं. पुढं पुढं वाटेनासं झालं, तरी ते बोलले नाहीत.

"मैं मास्टर हूं," ते म्हणाले, "मगर मेरे भी बच्चे हैं. पांच में का एक बी कम होता तो क्लास बंद होती थी." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी पेढे तिथंच उंबऱ्यावर ठेवून निघालो. पुन्हा त्या घरी गेलो नाही. ते वारले तेव्हा मयतीलाही गेलो नाही. आज त्याची लाज वाटते, कारण अप्पा आणि ते या दोघांत निदान त्यांनी तरी मला खरं सांगितलं होतं.

दुकानात गिऱ्हाईक होतं. ते जाईपर्यंत मी उभा राहिलो, कारण चारचौघांत बापाला बोलायचं नाही हे हाडात मुरलेलं होतं. मग विचारलं. अप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि कपाट उघडून कॉलेजचे सगळे कागद माझ्यापुढं ठेवले. त्यांनी ते फाडलेसुद्धा नव्हते. दुसरी भाषा म्हणून तिथं काय काय शिकवतात ते पहिल्याच पानावर छापलेलं होतं. फारसी त्यात नव्हती.

"तुमाला ठाऊक होतं."

"व्हय."

"स्वामींना शब्द दिला होता तुमी."

"दिला होता. आडवा येणार न्हाई म्हणलो होतो. कवा आलो आडवा? शाळंत घातलं, पुस्तकं दिली, जा म्हणलो. तुला एकदा तरी न्हाई म्हणलो का?"

खरंच, कधी नाही म्हटलं नव्हतं. शब्द तर मोडायचा नाही आणि पोरगं तर जाऊ द्यायचं नाही, म्हणून त्यांनी नकार द्यायचं काम कॉलेजावर सोपवलं होतं, चार वर्षं आधी, एक विडा लावून देऊन. शास्त्रीबुवांनी मला जखम केली होती आणि अप्पांनी त्याच जखमेला धरून मला हवं तिकडं वळवलं होतं. हे मला तेव्हा उभ्या उभ्या लख्ख दिसलं, आणि शास्त्रीबुवांवरचा सगळा राग मी अप्पांना देऊन टाकला.

"मग मुंबईला पाठवा," मी म्हणालो. "तितं फारसी हाय."

"शब्द पुण्याचा होता," अप्पा म्हणाले. "मुंबईचा न्हाई." मग ते एकदम म्हाताऱ्यासारखे म्हणाले, "तू गेला असतास तर परत आला नसतास, बसू."

ते खरं होतं. मी परत येणार नव्हतो. मनात मी ते कधीच ठरवून टाकलं होतं आणि त्यांनी ते ओळखलं होतं. त्यांनी मला फसवलं याचा राग एकवेळ ओसरला असता. पण फसवताना माझ्याबद्दलचा त्यांचा अंदाज बरोबर होता, हे मला आजतागायत सहन झालेलं नाही.

लोक विचारतील, पुन्हा पहिल्यापासून संस्कृत करून मॅट्रिकला का बसला नाहीस? बसता आलं असतं. आमच्या पाचांतल्या एकानं तेच केलं आणि वकील झाला. मी नाही बसलो. रागानं नाही बसलो. तुम्हाला मी दुकानात हवा होतो ना, मग घ्या, अशा त्वेषानं मी दुसऱ्या दिवशी गादीवर जाऊन बसलो आणि चाळीस वर्षं बसून राहिलो. त्या त्वेषानं अप्पांचं काही बिघडलं नाही. त्यांना हवं तेच मिळालं.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा अव्वा माजघरात बसून शेवटच्या भाकऱ्या फडक्यात बांधत होती. अप्पांनी तिलाही फसवलं असणार, आता हिला कसं सांगू, असं मला झालं. एवढ्या भाकऱ्या, एवढी चटणी, ती वाकळ. मी तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "अव्वा, राहू दे. मी जात न्हाई. तितं मला घेणार न्हाईत."

तिनं वर बघितलं नाही. गाठ मारत राहिली. त्या न बघण्यावरून मला कळलं.

"तुलाबी ठाऊक होतं?"

"व्हय रं."

"कवापासून?"

"पैल्यापासून."

माझा विश्वास बसेना. मी ओरडलो. घरात मी तिच्यावर त्याआधी कधी ओरडलो नव्हतो. "मग हे सगळं कशाला केलंस? पंधरा दिवस गात गात भाकऱ्या कुणासाठी भाजत होतीस?"

तिनं गाठोडं बाजूला सारलं. पदरानं हात पुसले. मग माझ्याकडे बघून, मला ही साधी गोष्ट कशी कळत नाही याचं नवल वाटल्यासारखं म्हणाली, "तू जाणार न्हाईस हे ठाऊक होतं म्हणून तर हात चालत होते, यप्पा. खरंच जाणार असतास तर माझ्याच्यानं एक भाकरी थापवली नसती."